तुमचं एक ऱ्हायलंय

ईश्वरामामानं तो हब दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला आणि शेडच्या मधोमध असलेल्या जुन्या ऐरणीवर ठेवला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. आदल्या दिवशीचं ओतकाम थंड झालेलं, वाळूच्या साच्यांच्या पेट्या फोडून माल बाहेर काढणं चाललेलं, कानठळ्या बसतील असा दणदणाट. पण तो ऐरणीजवळ उभा राहिला आणि सगळं गप झालं. ग्राइंडर थांबला. कोअरखोलीच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. मामानं भिंतीला टेकवलेला घण उचलला.

"माझं हाय," तो म्हणाला. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला आणि हाणला.

दुसऱ्या घावाला हब तडकला. मामानं एक तुकडा उजेडात धरला. आत करंगळी जाईल एवढी पोकळी होती. "वाळू ओली ऱ्हायली. वाफ कोंडली बघा हितं," असं शेजारी साचे भरणाऱ्या दोघा मोल्डरांना दाखवून त्यानं तुकडे भंगारात टाकले.

"भट्टी हाय की, मामा," कुणीतरी म्हणालं आणि दणदणाट पुन्हा सुरू झाला.

मी घड्याळात बघितलं. सात मिनिटं. एक बिघडलेला हब फुटताना बघायला बेचाळीस माणसं सात मिनिटं हात बांधून उभी होती. मनात म्हटलं, धन्य आहे बाबा कारभार!

याला आता तेवीस वर्षं होतील. मी अभय हेरवाडे, तेव्हा सव्वीस वर्षांचा. डिप्लोमा करून पुण्यात तीन वर्षं नोकरी केलेली, म्हणजे स्वतःला शहाणा समजायला पुरेशी. तिथल्या साहेबाशी वाजलं, तडकाफडकी राजीनामा फेकला आणि कोल्हापूरला परत आलो. शिरोलीच्या वसाहतीत मगदूम मालकांची फाउंड्री होती, तिथं सुपरवायझर म्हणून लागलो. आमचा मुख्य माल म्हणजे उसाच्या ट्रॉलीचे हब. चाकाच्या मधला तो बिडाचा गोळा, जो सगळी ट्रॉली पेलतो.

मालक पान लावता लावता बोलायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला समोर बसवलं.

"हेरवाडे, शंभरात नऊ हब फुटत्यात. नऊ! दसऱ्यापर्यंत चारावर आणा. खंडेनवमीला सगळ्यांदेखत तुम्हाला फोरमन करतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय. पुण्याची गाडी रोज सुटते."

पुण्याला परत जायला मला तोंड नव्हतं. इकडे आमच्या वडिलांनी बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात 'पोरगा फोरमन होणार' असं सांगून ठेवलेलं. म्हणजे दोन्हीकडून दोर कापलेले.

मी आठवडाभर शेडमध्ये फिरलो. एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. कुणाचं किती बिघडतं याची कुठं नोंदच नाही! ज्याचं बिघडेल त्यानं आपण होऊन ऐरणीवर आणायचं, 'माझं हाय' म्हणायचं, स्वतःच्या हातानं फोडायचं, का बिघडलं ते दाखवायचं. बाकीच्यांनी 'भट्टी हाय की' म्हणायचं. म्हणजे काय, तर वितळून पुन्हा चांगलं होईल. झालं, संपलं! ना मेमो, ना ताकीद. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, असं गोंजारत बसल्यावर नऊचे चार कसे होणार?

बेंदूर झाल्यावरच्या सोमवारी मी गेटच्या आत, हजेरीच्या यंत्राशेजारी एक मोठा फळा लावला. त्यावर अकराही मोल्डरांची नावं, प्रत्येकापुढं त्या आठवड्यात बिघडलेल्या हबांचा आकडा. ज्याचा सगळ्यात जास्त, त्याचं नाव लाल खडूनं.

पहिल्याच शनिवारी लाल नाव लागलं ते ईश्वरा कुंभारचं.

तो फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. सावकाश, ओठ हलवत वाचायचा. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, भुवया मात्र भट्टीनं भाजून कायमच्या विरळ झालेल्या.

"सायेब, ह्ये कशापायी?"

"कुणाचं किती बिघडतं ते कळायला, मामा."

"त्ये कळतंयच की. मी सांगतोय न्हवं, माझं हाय म्हनून."

"तोंडी सांगणं वेगळं. लिहिलं की माणूस सावध राहतो."

त्यानं पुन्हा एकदा आपल्या नावाकडं बघितलं. "सावध ऱ्हातो, ते खरं," एवढं म्हणाला आणि आत गेला.

आनंदी आक्का मात्र गप बसणाऱ्यातली नव्हती. कोअरखोलीत वाळूचे गाभे करणाऱ्या सात बायका होत्या, त्यांची ती म्होरकी. तिनं मला चहाच्या वेळी गाठलंच.

"का वो सायेब, शिकल्याला मानूस तुमी, येवढं कळंना व्हय? अवघड हब सगळा मामाच्या गळ्यात. सोपं सोपं बाकीच्यांस्नी. मग वंगाळ मामाचंच जास्त निघनार की!"

"आक्का, आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा कशाला खोटं बोलंल? त्याला त्वांड कुटं हाय?" म्हणाली आणि कपबशी आपटून गेली.

तिचं बोलणं खरं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. सगळ्यात खोल, सगळ्यात आडनिड साचा मामालाच द्यायचे, कारण दुसऱ्या कुणाला तो जमत नसे. पण त्या हिशेबात शिरलो असतो तर फळा उतरवावा लागला असता. पुढच्या शनिवारी परत मामाचंच नाव लाल.

आणि त्यात भर पडली पाहुण्यांची. मामाची थोरली लेक जिथं दिली होती, ते व्याही आमच्याच भट्टीवर कामाला होते. थट्टेखोर माणूस. गेटपाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "पावनं, मालकानं तुमचं नाव लई रंगवून लिवलंय! लगनाच्या पत्रिकेत बी येवढं न्हवतं." माणसं हसली. मामाही हसला. मी ते ऑफिसच्या खिडकीतून बघितलं आणि मला वाटलं, लागतंय बरोबर. औषध लागतंय!

तिसऱ्या आठवड्यात नऊचे सहा झाले. मग चार. गणपती येईपर्यंत तीन. मामाच्या नावापुढं तर शून्य लागलं, आणि शून्यच राहिलं. ऐरणीवर घण पडायचा बंद झाला. सात मिनिटं कुणी थांबेना. मालक येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायला लागले. घण भिंतीशी उभा होता आणि त्याच्या दांड्याला कोळ्यानं जाळं धरलं होतं. मला ते जाळं बघून बरं वाटायचं, आता सांगायला लाज वाटते.

गणपती गेल्यावरची गोष्ट. गाभे कमी पडतायत म्हणून विचारायला मी कोअरखोलीत गेलो. आक्का वाकून काहीतरी सारत होती. माझा पाय बाकाखालच्या एका डब्याला लागला आणि तो लवंडला. आतून दाट, करडी लांबी बाहेर आली. सुतार वापरतात तशी, पण काळपट. वर बिडाचा चमकता भुगा भुरभुरलेला. जवसाच्या तेलाचा वास खोलीभर सुटला.

"हे काय, आक्का?"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "खिडकीची काच बसवायचीया."

"बरं," मी म्हणालो.

आणि डबा पायानंच बाकाखाली परत सारला. वळलो तर दारात ईश्वरामामा उभा. कधीपासून होता कुणास ठाऊक. त्यानं बाजूला सरून वाट दिली. "या सायेब," म्हणाला. त्याच्या नखांत करडं काहीतरी भरलेलं होतं. मोल्डरच्या नखांत काळी वाळू असते, हे मला माहीत होतं. मी मान खाली घालून निघून आलो.

खंडेनवमीला शेड झाडून, सडा घालून लख्ख केलेलं. भट्टीला झेंडूचं तोरण. ऐरणीपुढं पाट मांडून सगळी हत्यारं ओळीनं ठेवलेली, हळदकुंकू वाहिलेली: करण्या, पान्हे, पळ्या आणि मधोमध तो घण. कोळ्याचं जाळं कुणीतरी पुसलं होतं. आमच्याकडं एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. त्या दिवशी हत्यारानं विसावा घ्यायचा.

एका बाजूला हंगामाच्या पहिल्या गाडीसाठी तयार हबांची रास होती. अठ्ठेचाळीस. लाल रंग दिलेले, तेल पुसलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन घेऊन जाणार होती, कारण दिवाळीपाठोपाठ कारखाने सुरू व्हायचे आणि ट्रॉल्या त्याआधी तयार लागायच्या. मालकांनी त्या राशीलाही हार घातला.

नारळ फुटला, पेढे वाटले. मालक खुर्चीवरून उठले.

"नऊवरनं दोन!" त्यांनी दोन बोटं सगळ्यांना दाखवली. "ह्याला म्हणायचं काम! आजपासून हेरवाडे आपले फोरमन." टाळ्या पडल्या. माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, वडिलांना आत्ता इथं बोलवावं.

"आणि दुसरा फेटा," मालक म्हणाले, "आपल्या ईश्वराला. सहा आठवडे नावापुढं शून्य! ये रे ईश्वरा. वाक जरा."

मामा पुढं आला. वाकला नाही. मालकांनी फेट्याचा पहिला वेढा डोक्याला लावला, तसा त्यानं त्यांचा हात धरला.

"थांबा, मालक."

तो पूजेपाशी गेला आणि हळदकुंकवासकट घण उचलला.

"आवो मामा, पूजा झालीया!" मागून कुणी तरी ओरडलं. आनंदी आक्कानं तोंडावर पदर धरला. मामानं कुणाकडं बघितलं नाही. राशीतला तिसरा हब त्यानं बाहेर ओढला, ऐरणीवर ठेवला. लाल रंगावर हात फिरवला.

"माझं हाय," म्हणाला आणि हाणला.

पहिल्याच घावाला फुटला. करड्या लांबीचा बुच उडून मालकांच्या पायापाशी पडला आणि मागं अंगठा जाईल एवढी पोकळी राहिली. 'भट्टी हाय की' म्हणायला कुणाच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

मालकांनी तो बुच उचलून चुरगाळला. "ह्ये काय?"

"लांबी, मालक. बिडाचा भुगा घालून. वरनं रंग दिला की वळखत न्हाई."

"कधीपासून?"

"फळा लागल्यावर तिसऱ्या हप्त्यापासनं."

"आणि कुणी कुणी केलंय?"

"मी माझं सांगतोय. दुसऱ्याचं सांगायची आपल्यात रीत न्हाई."

"इतके दिवस तोंड शिवलं होतंस, मग आजच का रे कंठ फुटला?" मालकांचा आवाज चढला.

"फेटा बांधाय लागला म्हनून." मामाचा आवाज पहिल्यांदा हलला. "लाल खडूला भ्यालो, मालक. पावन्यांनी थट्टा केली, घरात लेक रडली. चुकलो. पर आता ऊस सुरू व्हनार. धा टनाची ट्रॉली ह्या हबावर. आन् रस्त्यानं तिच्या मागं शाळंची पोरं ऊस वडत पळत्यात. त्या पोरांच्या अंगावर पडली तर? आन् माझ्या डोसक्याला ह्यो फेटा? न्हाई सोसायचं मला."

मालक माझ्याकडं वळले. त्यांची मान लाल झालेली.

"हेरवाडे, तुम्हाला माहीत होतं?"

आता सांगतो. कोअरखोलीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. एकही नव्हती. पहिल्या दिवसापासून तिथं नुसती लोखंडी जाळी होती, वाफ बाहेर जावी म्हणून. आक्कानं काच बसवायचीय म्हटलं, तेव्हा त्या जाळीतून आलेलं ऊन माझ्या बुटावर पडलेलं होतं. तिनं मला मुद्दाम असलं पोकळ उत्तर दिलं होतं, मी एक प्रश्न आणखी विचारावा म्हणून. पुढं तीच मला तसं म्हणाली. आणि मी 'बरं' म्हणालो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"खरं?"

"मला कसं माहीत असणार, मालक?"

मालकांनी मामाला विचारलं, "काय रे, ह्याला ठाऊक होतं?"

मामानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"न्हाई, मालक," तो म्हणाला. "त्यांस्नी काय म्हाईत असनार."

मालकांनी त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं. एकोणीस वर्षांची नोकरी. तो वाद घालत बसला नाही. डोक्यावर राहिलेला फेट्याचा वेढा सोडून त्यानं नीट घडी घातली, पाटावर ठेवली. मग घण घेऊन माझ्याजवळ आला आणि माझ्या हातात दिला.

"धरा, सायेब," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचं एक ऱ्हायलंय."

तो गेटातून बाहेर गेला. जाताना फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माणसं पांगल्यावर मालक मला ऑफिसात म्हणाले, "एक बेइमान निघाला म्हणून सगळी रास वाईट नसते. वरवर बघून घ्या. परवा सकाळी गाडी येईल, सही करा आणि सोडा. गाडी अडली तर गिऱ्हाईक दुसरीकडनं माल उचलेल." मी हो म्हणालो. तसाच फेटा घालून घरी गेलो. उतरवायचं सुचलं नाही.

वडील दारातच उभे होते. त्यांनी आईला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली. दसऱ्याला सबंध गल्ली आमच्याकडं सोनं द्यायला आली. "घ्या फोरमनसाहेब, सोन्यासारखं राहा," असं म्हणून प्रत्येकजण आपट्याची पानं हातात ठेवायचा. माझ्या मुठीत मावेनात. आई म्हणाली, "असा काय रे बसलायस, कुणी मेल्यासारखा?" मी म्हटलं, पित्त झालंय.

गल्लीतली पोरं अंगणात खेळत होती. त्यातलं एक दुसऱ्याच्या मागं धावलं, मी उठून आत गेलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ड्रायव्हरनं कागद पुढं केला. "साहेब, सही."

माल बरोबर असल्याची सही. मी पेन काढलं. शेडमधून सगळे माझ्याकडं बघत होते, असं मला वाटलं. तसं काही नसेलही. काम चालू होतं. पण ऐरणीपाशी ती मामानं घातलेली फेट्याची घडी अजून पाटावर होती, तिला कुणी हात लावला नव्हता.

मी कागद ड्रायव्हरला परत दिला. ऑफिसातून घण आणला. राशीतला पहिला हब ऐरणीवर ठेवला आणि हाणला. फुटेना. टेबलावरचे हात ते. चौथ्या घावाला तडकला. आत बघितलं, चांगला होता. लोखंड दाट, एकसारखं. कुणीतरी मागं हसलं असावं. मामा असता तर हबावर नुसती हातोडी वाजवून आवाजावरून त्यानं सांगितलं असतं, हा चांगला, हा बद्द. मला तो कान नव्हता. मला सगळे फोडावे लागणार होते.

दुसराही चांगला निघाला. तिसऱ्यातून करडा बुच पडला.

"माझं आहे," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हणालो, "माझं आहे!"

ग्राइंडर थांबला. मालक ऑफिसच्या दारात आले. "हेरवाडे, डोकं फिरलं काय? चांगला माल फोडताय!"

"मालक, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डबा मी डोळ्यांनी बघितला होता. लांबीचा. काच बसवायला आणलाय म्हणाले, मी बरं म्हटलं. कोअरखोलीला काचा नाहीत, मालक. जाळी आहे. मला दिसत होतं. परवा मी खोटं बोललो, आणि मामा माझ्यासाठी खोटं बोलला."

आक्का दारात उभी होती. तिनं खाली बघितलं. मालक गाडीकडं वळले. ड्रायव्हरला हातानं जा म्हणाले आणि आत गेले, दार लावून घेतलं. गाडी रिकामी गेली.

मी फोडत राहिलो. दुपार झाली. हाताला फोड आले, फुटले, दांडा ओला झाला. सत्तेचाळीस हब. त्यातल्या अकरांतून लांबी निघाली. अकरा वेळा मी 'माझं आहे' म्हणालो. मनात एकच आशा होती की कुणीतरी पुढं येईल आणि म्हणेल, सायेब, ते माझं हाय. अकरा मोल्डरांतले उरलेले दहा तिथंच उभे होते. कुणी आलं नाही. 'भट्टी हाय की' तर कुणी म्हणालंच नाही. का म्हणावं? त्यांच्या डोळ्यांत मी तोच होतो, लाल खडूवाला. आज हातात खडूऐवजी घण होता इतकंच.

फळा मी त्या संध्याकाळी उतरवला. फोरमनपद गेलं. मालकांनी हाकललं नाही, पण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांना दुकानादुकानात काय सांगावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी मी सायकलवर घण बांधून मामाच्या गावी गेलो. पन्हाळ्याच्या वाटेवर, रस्त्याकडेचं घर. तो अंगणात बाजेवर बसून भाकरी खात होता. मला बघून उठला नाही, पण बायकोला म्हणाला, "सायबांस्नी पानी आन."

"मामा, मालकांनी दुसऱ्याकरवी निरोप दिलाय, तुम्हाला परत बोलावलंय. मी त्यांना सगळं सांगितलं."

"कळलं मला. पावनं सांगत हुतं." त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. हातांना चिंध्या बांधलेल्या. "किती फोडलं?"

"सत्तेचाळीस."

"आन् वंगाळ?"

"अकरा."

"त्यात माझं चार हुतं," तो म्हणाला. मग भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "कोन पुढं आलं?"

"कुणी नाही."

"कोन काय बोललं?"

"नाही. कुणीच नाही, मामा."

त्यानं तो तुकडा खाल्ला, दुसरा मोडला. मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता उठावं.

"यायचं न्हाई मी, सायेब," तो अखेर म्हणाला. "दुसरीकडं लागलोय सोमवारपासनं. ल्हान हाय शेड. पर तितं फळा न्हाई."

"आमच्याकडंही आता नाही."

"भितीवरनं उतरलाय. मानसांच्या डोसक्यातनं उतराय येळ लागंल." त्यानं ताट बाजूला सारलं. "मीच भ्यालो की नव्हं. मी. येवढं माझं केस पिकलं, तरी खडूला भ्यालो."

मला रडू आलं. सव्वीस वर्षांचा घोडा मी, परक्याच्या अंगणात बसून रडलो. त्यानं समजूत घातली नाही. माझं थांबल्यावर उठून हात धुतला आणि माझ्या खांद्यावर तो ओला हात ठेवला.

"भट्टी हाय की, सायेब," तो म्हणाला.

मी सायकलचा घण सोडायला लागलो. "हा तुमचा, मामा. तुम्हाला परत द्यायला आणलाय."

"माझा कुटला? त्यो शेडचा." त्यानं दोरी पुन्हा आवळून दिली. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. लागंल."

लागला. पुढच्याच महिन्यात लागला, आणि त्यानंतर कितीदा तरी. तो घण माझ्या हातातून दुसऱ्या कुणी मागून घ्यायला मात्र तीन वर्षं गेली. पावसाळ्याचे दिवस होते, एक मोल्डर हब पोटाशी धरून माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, घन द्या जरा. माझं हाय."